आशाबाईचं नाक

या, अशा पुढे सरका. मागे खांबाला टेकून बसाल तर अर्धं ऐकू येईल, आणि ही गोष्ट अर्धी ऐकायची नाही. अर्धी ऐकून-ऐकूनच तिचं वाटोळं झालं आहे. तुमच्यातल्या कीर्तनाला जाणाऱ्यांनी ती कुठल्या ना कुठल्या मांडवात ऐकली असेल. दारूबंदीसाठी झटणारी एक माउली, तिच्या पोटचा पोरगा ऐन सप्ताहात पिऊन आला, आणि तिने त्याला गावादेखत खोलीत कोंडला. ऐकणाऱ्यांच्या डोळ्यांत पाणी येतं, टाळ वाजतात, महाराज पुढच्या चरणाकडे वळतात.

मीही कीर्तनवेडी बाई आहे. शेजारच्या तालुक्यात कुणी चांगला गळ्याचा महाराज आला की धानाची रोवणी टाकून जाणारी. दृष्टांतावाचून कीर्तन मला अळणी वाटतं. पण हा दृष्टांत ज्या दारात घडला, ते दार माझ्या दाराला लागून आहे. म्हणून तुम्हाला सांगते, मुळापासून.

आमचं गाव मुलचेऱ्याहून आतल्या अंगाला. आधी धानाच्या बांध्या, मग मोहाची झाडं, मग नुसतं जंगल. जिल्ह्यात दारू बंद आहे, आणि नाल्याच्या काठी भट्टीही लागलेली असते. आशाबाईचा नवरा त्याच भट्टीचं पिऊन गेला. तो जिवंत होता तोवर संध्याकाळी दारात आला की ती त्याच्या तोंडाचा वास घ्यायची, आणि त्यावरून ठरवायची की आज पोराला घेऊन माझ्याकडे झोपायला यायचं की घरीच राहायचं. थोडी, बरीच, कालची उरलेली, हे सगळं तिला नुसत्या वासावरून कळायचं. हे शिकायला कुणी जात नाही. ते अंगाला चिकटतं.

नवरा गेल्यावर गावातल्या बायांनी दारूबंदीची समिती केली आणि आशाबाईला पुढे केलं, ते तिच्या नाकासाठी. रीत अशी पडली. कुणावर संशय आला की त्याला समाज मंदिराच्या ओट्यावर बसवायचं. आशाबाई समोर उभी राहायची आणि म्हणायची, "हा कर." तो तोंड उघडून श्वास सोडायचा. तिने मान हलवली की त्याला मागच्या भांड्यांच्या खोलीत कोंडायचं, दिवे लागेपर्यंत. आत पाण्याचा माठ आणि उतारा म्हणून लिंबं. ना मार, ना दंड. तिच्या मान हलवण्यावर कुणी बोलत नसे, कारण ती कधी चुकली नव्हती. लोक पेरूचा पाला चावून येत, कांदा खाऊन येत, एकाने तर कापूर चघळला होता. आशाबाई म्हणायची, "पाला तोंडात हाय रे, वास पोटातून येते."

सगळ्यात जास्त वेळा कोंडला गेला तो सुरज, पिकअप चालवणारा. तो तिला ठाणेदारीण म्हणायचा. एकदा मान हलवायच्या आधीच स्वतः उठून खोलीत जाऊन बसला आणि आतून ओरडला, "बाई, लिंबं आज बारीक हायेत."

आशाबाईचा एकुलता एक खुशाल. बापाचं पाहून तो दारूला इतका भ्यायलेला, की मोहफुलं वाळत घातलेल्या अंगणातून पाय उचलून चालायचा. हात मात्र देवाने दिलेले. आमच्या भजनी मंडळाचा पखवाज तो वाजवायचा. पखवाजाच्या डाव्या अंगाला ओली कणीक लावतात, हे तुम्ही पाहिलं असेल. ती लावताना खुशाल जगाला विसरायचा. जरा जास्त झाली तर आवाज बसतो, जरा कमी झाली तर ठणठण करतो. चिमूटभर काढायचा, थाप मारून ऐकायचा, चिमूटभर लावायचा. मी एकदा म्हटलं, "अरे, किती वेळ?" तर म्हणाला, "काकू, याले मधलंच चालते. इकडंबी नाई, तिकडंबी नाई."

त्याला साखरेचा आजार होता. कॉलेजात असतानाच धरला त्याने, सुईवाला. सकाळ-संध्याकाळ पोटाला इन्सुलिनची सुई. घरात फ्रिज नव्हता, म्हणून ती बाटली ओल्या वाळूत पुरलेल्या गाडग्यात राहायची. आशाबाई त्या गाडग्याला देव्हाऱ्याइतकं जपायची. लग्नाचं बघणं चालू होतं, म्हणून सुईची गोष्ट चार घरांपलीकडे कुणाला ठाऊक नव्हती.

चैत्रातला सप्ताह बसला. बापूजी आमच्या मंडळाचे प्रमुख. कडक माणूस, पण भाव खरा. त्या वर्षी काल्याचं कीर्तन श्रीहरी महाराजांचं ठरलं होतं, आणि महाराजांना साथ खुशालची. पोरगा हरखून गेला होता. त्याने नेम धरला, सात दिवस अन्न नाही, एक वेळ दूध आणि केळं. पहिल्याच सकाळी आशाबाईने विचारलं, मी तिथेच होते.

"सुई घेतली का?"

"पोटात अन्न नाई, तं सुई कोणाले लावू, माय? मागच्या एकादशीले घेतली अन् कसा पडलो होतो? तूच साखर चारली."

ते खरं होतं. एकादशीला उपाशीपोटी सुई घेऊन तो घामाने थबथबून अंगणात पडला होता, हात लटलट कापत होते. साखर तोंडात घातल्यावर घटकाभरात उठून बसला. आशाबाईने थोडा विचार केला आणि मान हलवली. त्या घरात त्या मान हलवण्यावर कोण बोलणार? बाटली गाडग्यातच राहिली.

मधले दिवस पखवाज असा वाजला की माझ्या अंगावर काटा यायचा. नंतर मात्र खुशाल दर अभंगानंतर उठायला लागला. पाणी प्यायचा, मागे जाऊन यायचा, परत पाणी. बापूजी चिडले. "पखवाजी हाये का पाण्याचा टँकर?" लोक हसले, तोही हसला. चेहरा उतरला होता, पण चैताचं ऊन आणि उपवास, कुणाचा नसता उतरला?

काल्याच्या दिवशी सकाळी काकड्याला खुशाल समेवर चुकला. मी मान वर करून पाहिलं. तो चुकणारा पोरगा नव्हता. थोड्या वेळाने पुन्हा चुकला. मग पखवाज मांडीवरून उतरवून मांडवामागे गेला आणि ओकला. परत येताना खांबाला धडकला. डोळे तांबारलेले, गाल लाल, आणि श्वास मोठा, खोल, डोंगर चढून आल्यासारखा. सुरज तिथे चुलीसाठी लाकडं उतरवत होता. म्हणाला, "का बे खुशाल, आज माया पंगतीत काय?"

हसू फुटलं. बापूजींनी खुशालला धरलं, तोंड जवळ आलं आणि त्यांनी झटक्यात मान फिरवली. "बाईले बलवा," एवढंच म्हणाले आणि त्याला समाज मंदिराच्या ओट्यावर टेकवलं.

आशाबाई पुऱ्यांची कणीक मळत होती. तशाच हातांनी आली. पोराला पाहिलं आणि तिच्या मनात पहिल्यांदा आलं ते त्याच्या दुखण्याचंच आलं. म्हणाली, "सुगर उतरली असन. गूळ आना." गुळाचा खडा स्वतः त्याच्या तोंडात घातला. सगळे थांबले. एकादशीला घटकाभरात उठला होता, आज गूळ विरघळला तरी तसाच. उलट श्वास आणखी मोठा झाला. घाम नाही, हात कापत नाहीत, अंग कोरडं खरखरीत. तिला ठाऊक असलेलं साखरेचं दुखणं असं दिसत नव्हतं. असं दिसणारं दुसरं एकच दुखणं तिने बारा वर्षं घरात पाहिलं होतं.

दीपिका मागून बोलली. तिचा नवरा होळीला कोंडला गेला होता. "माया माणसाले कोंडलं तवा गूळ नोता चारला, बाई."

बापूजी खाली बघून म्हणाले, "नियम तुमचाच हाये, आशाबाई."

तिने कणकेचे हात पदराला पुसले. पोरगा ओट्यावर बसलेला होताच. ती समोर उभी राहिली आणि म्हणाली, "हा कर."

खुशालने श्वास सोडला. मी दोन हातांवर होते, मलाही आला तो वास. गोडसर, सडायला आलेल्या फळाचा, आंबवलेल्या मोहाच्या डब्याचं झाकण काढावं तसा. त्या दिवसांत सगळ्या गावालाच मोहाचा वास असतो, पण हा आतून येत होता. पोटातून.

आशाबाईचा चेहरा बघवत नव्हता. तिच्यासमोर तिचा नवरा बसला होता.

"माय, मी पेलो नाई."

"तुया बापबी हेच म्हणे."

"देवाशपथ नाई पेलो. मले पानी दे."

"आत माठ हाये," ती म्हणाली, आणि तिने मान हलवली.

दोघांनी धरून नेलं. कडी तिनेच लावली, कुलूप तिनेच घातलं, किल्ली पदराच्या गाठीला बांधली. परत येऊन कणकेच्या परातीपुढे बसली. तिला कुणी काही म्हणू नये म्हणून बाया जोरजोरात दुसरंच बोलू लागल्या.

मग काल्याचं कीर्तन झालं. खोटं कशाला सांगू, तसं कीर्तन मी पुन्हा ऐकलं नाही. श्रीहरी महाराजांचा आवाज वरच्या पट्टीत जाताना बारीक होत नाही, आणखी भरतो. बापूजींनी त्यांच्या कानाला लागून सकाळची हकीकत सांगितली होती. महाराज गवळणींच्या कथेत होते. मध्येच थांबले, डोळे मिटले आणि म्हणाले की यशोदेने लोण्यासाठी कृष्णाला उखळीला बांधला, तशी एक यशोदा या मांडवात बसली आहे. पुढे त्यांनी जे सांगितलं, त्याने दगडालाही पाझर फुटला असता. आम्ही सगळ्या रडलो. टाळकरी रडले. आशाबाई मात्र ताठ बसून होती, नजर मांडवाच्या कळकावर. पखवाजाला दुसराच कुणी बसला होता. खुशालने पहाटे लावलेली कणीक त्याने बदलली नव्हती. ती वाळत आली होती, डावा आवाज कोरडा येत होता.

भोंगा मांडवाच्या कोपऱ्यातल्या उंच बांबूवर बांधला होता, तोंड समाज मंदिराकडे करून. भांड्यांच्या खोलीतून कुणी हाक मारली असती तरी ती बाहेर आली नसती. मारली का, हे ठाऊक नाही.

दहीहंडी फुटली, पंगतीची घाई झाली. भाजीला मोठी कढई हवी होती आणि ती त्याच खोलीत. आशाबाईने गाठ सोडून किल्ली सुरजला दिली. वर म्हणाली, "त्याच्यासंग बोलू नोको."

सुरज गेला तो कढई न घेताच परतला. येणं-जाणं इतक्या वेळा झालेला माणूस, खोलीचा त्याला काय धाक? पण तोंड पांढरं पडलं होतं. वाकून हळू म्हणाला, "ठाणेदारीण बाई, उठा जरा."

"काऊन?"

"पेलेला माणूस घोरते. मी सोता घोरतो त्या खोलीत, मले मालूम हाये. हा घोरून नाई राह्यला. हा बसल्या जागी धावून राह्यला."

आम्ही गेलो. खुशाल भिंतीला टेकून बसला होता. माठ रिकामा, लिंबं चोखून टाकलेली. डोळे अर्धे उघडे, हाक मारली तर ओ नाही. आणि तो श्वास. छाती भात्यासारखी पुरती फुगत होती, पुरती रिकामी होत होती, मध्ये क्षणाचीही उसंत नाही. सगळं अंग जणू त्या एकाच कामाला लागलं होतं. खोलीभर तो गोड वास. आशाबाई दारातच थांबली. तिने पुन्हा एकदा खोल श्वास घेऊन वास घेतला, आणि मला म्हणाली, "एवढी कोणं देल्ली याले?" अजूनही तिला दारूच वाटत होती. कुणीतरी फसवून पाजली, विषारी निघाली, असं.

सुरजने पिकअपमधली उरलेली लाकडं रस्त्यावरच ढकलून दिली. मागे सतरंजी टाकली, त्यावर खुशाल, त्याचं डोकं आशाबाईच्या मांडीवर, पायाशी मी. तालुक्याच्या दवाखान्यात त्यांनी पाहिलं न पाहिलं आणि सलाईन टोचून पुढे मोठ्या दवाखान्यात न्यायला सांगितलं. त्यांची गाडी बाहेर गेली होती. आम्ही तसेच निघालो, सलाईनची बाटली माझ्या हातात उंच धरलेली. रस्ता सगळा खड्ड्यांचा.

अर्ध्या वाटेत त्याचा श्वास हळू झाला. तो भाता थांबत-थांबत चालू लागला. मोठेपणा गेला, नेहमीच्या माणसासारखा झाला. आशाबाईने त्याच्या कपाळावरून हात फिरवला. सकाळपासून पहिल्यांदा तिचा चेहरा सैल झाला. म्हणाली, "उतरून राह्यली आता. पाह्य, कसा शांत झोपला."

मलाही तसंच वाटलं. मी काचेतून सुरजला खूण केली, जरा हळू चालव, धक्के बसतात.

मोठ्या दवाखान्यात डॉक्टर नंदिनी म्हणून एक बाई होत्या, तरुण. त्यांनी खुशालच्या तोंडाशी वाकून वास घेतला, अगदी आशाबाई घ्यायची तसाच, आणि पहिलाच प्रश्न विचारला, "याची सुई बंद कधी केली?"

आशाबाई म्हणाली, "सुईचं सोडा, बाई. पेला हाये तो."

त्यांनी पडदा ओढला. आत बरीच धावपळ झाली. दिवे लागायच्या वेळेला, म्हणजे आमच्या गावात ज्या वेळेला कोंडलेल्याला सोडतात त्या वेळेला, खुशाल गेला.

नंतर डॉक्टर बाईंनी आम्हाला बाकावर बसवून सांगितलं. आशाबाईने एकच विचारलं होतं, "मंग तो वास कशाचा?" सांगणाऱ्या बाईंचा आवाज मऊ होता, पण गोष्ट मऊ करता येण्यासारखी नव्हती. मला समजलं तसं सांगते.

आपल्या रक्तालाही पखवाजासारखा एक मधला सूर असतो. जरा आंबट बाजूला सरकलं की माणूस जातो, जरा खारट-तुरट बाजूला सरकलं तरी जातो. तो सूर धरून ठेवायला दोघे राबतात, फुप्फुसं आणि मूत्रपिंडं. एक श्वासावाटे आंबटपणा बाहेर टाकतं, दुसरं लघवीवाटे. सुई बंद झाली की रक्तात साखर भरून असते, पण अंगाला ती जाळता येत नाही. मग अंग स्वतःची चरबी जाळतं, आणि त्या जळण्यातून आंबट विष रक्तात उतरतं. त्यातलंच थोडं श्वासातून उडतं, त्याला गोड वास येतो, पिकून गेलेल्या फळासारखा. उपास असो नसो, सुई थोडी तरी लागतेच. पोट रिकामं असलं तरी लागते. हे त्याला कुणी नीट समजावलं नसावं, असं त्या म्हणाल्या.

"मग तो मोठा श्वास?" मी विचारलं.

"तोच त्याला इतका वेळ जगवत होता. अंगातलं पाणी संपत आलं, मूत्रपिंडं थकली, तेव्हा सगळा भार छातीवर आला. दर श्वासाला तो रक्तातला आंबटपणा बाहेर फेकत होता." मग त्यांनी विचारलं, "श्वास हळू कधी झाला?"

आशाबाईने माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. ती म्हणाली, "रस्त्यात. मले वाटलं उतरली."

उतरली नव्हती. छाती दमली होती, एवढंच. राबणारा शेवटचा गडी बसला, आणि आम्हाला वाटलं पोरगा झोपला.

आता तुम्ही म्हणाल, गोष्ट संपली. कडवट भाग पुढेच आहे.

गावात आल्यावर सुरजने आणि मी जे खरं ते सांगितलं. बापूजींनी ऐकून घेतलं. म्हणाले, "डॉक्टर लोकाईचं काई खरं नाई. त्या वासाले सारं गाव साक्षी हाये." समितीतल्या बाया सुतकाला आल्या, रडल्या, आणि आशाबाईने तोंड उघडलं की विषय बदलू लागल्या. दीपिकाच तेवढी खरं बोलली. म्हणाली, "बाई, तुमचं नाक त्याच्या वक्ती चुकलं म्हनता. मंग आमच्या माणसाईच्या वक्ती बरोबर होतं, हे कशावरून? उद्या सारे हेच म्हनतीन. भट्ट्या पुन्हा लागतीन." तिचं म्हणणं खोटं नव्हतं, हेच वाईट. एका पोराला पेलेला ठरवून ठेवलं की गावाची दारूबंदी टिकत होती, सप्ताहाला बट्टा लागत नव्हता, ओट्यावर हसलेल्यांना झोप लागत होती. सगळ्यांची सोय होती. मेलेल्याची काय सोय बघायची?

आणि आशाबाईला गाव पूर्वीपेक्षा जास्त मान देऊ लागलं. पोटच्या पोराला सोडलं नाही अशी बाई. वाटेत माणसं तिला वाकून नमस्कार करायची. ती रस्ता बदलून जाऊ लागली.

पुढच्या माघात गोंडपिपरीकडच्या एका गावी श्रीहरी महाराजांचं कीर्तन आहे असं कळलं. आशाबाई म्हणाली, "मले घेऊन चाल. महाराज देवमाणूस हायेत. त्याईले खरं सांगतो. त्याईनं सांगितलं तं लोक आयकतीन." सुरजने नेलं, पैसे घेतले नाहीत. कीर्तनाआधी महाराजांना भेटू दिलं नाही, गर्दी होती. मग आम्ही बायांत बसलो.

आणि उत्तररंगात तोच दृष्टांत निघाला. आता तो आणखी घोटला गेला होता. त्यात पोराच्या हातात बाटली आली होती. तो आईला शिवी देत होता. मेला तो त्या दिवशी नाही, वर्षभराने, पिऊन पिऊन. महाराजांचा आवाज तसाच भरलेला. माझ्या शेजारची म्हातारी हुंदके देत होती.

आशाबाई उठून उभी राहिली. तिला मोठ्याने बोलायची सवय नव्हती, ओट्यावरही ती हळूच बोलायची. म्हणाली, "महाराज, तो पेला नोता."

पुढच्या चार ओळींनी ऐकलं. महाराजांनीही ऐकलं. त्यांनी तिला ओळखलंच नाही, असं मी म्हणणार नाही. क्षणभर ते थांबले.

"तो माया पोरगा होय. त्याले सुगर होती. तो पेला नोता, महाराज."

महाराज भले माणूस आहेत, वाईट इच्छा त्यांच्यात नाही. पण कीर्तन रंगात होतं, मांडव भरलेला. त्यांनी दोन्ही हात वर केले आणि म्हणाले, "हीच ती माउली. आपलं भाग्य, ती स्वतः आली." आणि विठ्ठलनामाचा गजर धरला. टाळ उठले, पखवाज उठला, मांडव उभा राहिला. आशाबाईचे ओठ हलताना मला दिसत होते, आवाज येत नव्हता. बायांनी तिला पुढे ढकललं, कुणी बुक्का लावला, कुणी नारळ ओटीत घातला, कुणी पायांवर डोकं ठेवलं. ती तेच म्हणत होती, तेच तेच, आणि तिच्या प्रत्येक शब्दावर टाळ पडत होता. भोंगा इथेही उंच बांधला होता.

परतताना गाडीत तिने नारळ सुरजला दिला. तो म्हणाला, "महाराज चुकले, बाई." ती म्हणाली, "नाई. मी देल्ला तोच निकाल सांगून राह्यले ते."

त्यानंतर ती ओट्यावर आली नाही. समितीला आता पोलिसांनी दिलेलं यंत्र आहे, त्यात फुंकर मारतात. आशाबाई संध्याकाळी माझ्या अंगणात येऊन बसते. मी कीर्तनाला निघाले की म्हणते, "जाय, तू जाय." मी जाते. कीर्तन सुटत नाही माझं, देवाने तसंच घडवलंय. पण गजर उठला की आता मी आधी बाजूला पाहते, कुणाचे ओठ हलताहेत का.

तुमच्याकडे माझं मागणं मोठं नाही. हा दृष्टांत पुन्हा कुठल्या मांडवात निघेल, निघणारच आहे. तेव्हा उठून उभे राहा असं मी म्हणत नाही. ते किती कठीण आहे, मी पाहिलं आहे. फक्त त्या पोराची आठवण करा. खुशाल त्याचं नाव. पखवाजाला चिमूटभर कणीक लावून, थाप मारून ऐकत बसायचा. मनातल्या मनात त्याचं नाव घ्या, आणि एवढं म्हणा, की तो पेला नव्हता.